फोस्टरची वही: दत्तक जाईपर्यंत कुत्र्याला घरी कसं सांभाळायचं

भुरी आमच्याकडे आली तेव्हा तिला पंखा माहीत नव्हता. हॉलमधला पंखा सुरू केला की ती पोट लादीला टेकवून सरपटत मोरीत जायची आणि बादलीमागे तोंड खुपसून बसायची. ठाण्यात घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामासाठी लावलेल्या पत्र्यांआड तिचं आयुष्य गेलेलं. गाडीच्या धक्क्याने मागचा पाय मोडला म्हणून एका मुलीने तिला उचलून उपचार केले. पाय जुळला, पण आता हिला परत त्या रस्त्यावर सोडायचं नाही, घर शोधायचं, असं त्या मुलीने ठरवलं. घर मिळेपर्यंत भुरीला कुठेतरी राहायला हवं होतं. ते ‘कुठेतरी’ म्हणजे आमचं वर्तकनगरचं दोन खोल्यांचं घर. अकरा आठवड्यांनी ती नेरुळला तिच्या कायमच्या माणसांकडे गेली, तेव्हा त्याच पंख्याखाली चारी पाय वर करून झोपत होती.

तिच्याबरोबर मी एक शंभर पानी वही दिली. फोस्टरिंग म्हणजे खाऊपिऊ घालणं, औषधं देणं, एवढंच मला आधी वाटायचं. तेही करावं लागतंच. पण रस्त्यावरून किंवा पिंजऱ्यातून आलेलं कुत्रं कशाला घाबरतं, कशावर जीव टाकतं, लहान मुलांशी कसं वागतं, हे कुणालाच ठाऊक नसतं. ते एखाद्या घरात राहिल्यावरच कळतं. फोस्टर करणाऱ्याने ती ओळख करून घ्यायची आणि पुढच्या घरापर्यंत पोहोचवायची. हा आनंद फार मोठा आहे. तो कसा मिळवायचा ते आता क्रमाने सांगते.

आधी घरात, मग सोसायटीत

पहिला प्रश्न वेळेचा. लहान पिल्लं लवकर जातात. मोठं इंडी, म्हणजे आपलं देशी कुत्रं, त्यातही काळं असेल तर, दोन-तीन महिने सहज थांबतं. तुमची मर्यादा किती ते आधीच ठरवा आणि स्पष्ट सांगा. ‘दिवाळीनंतर आम्ही गावाला जाणार आहोत, त्याआधी दुसरी सोय बघावी लागेल’ असं म्हणण्यात काहीच वाईट नाही. आयत्या वेळी हात वर केले की हाल कुत्र्याचे होतात. पहिल्या आठवड्यात घरात कुणीतरी असेल असं बघा. रजा, घरून काम, आई-वडिलांची मदत, जे जमेल ते जुळवा. घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारा आणि त्याचा होकार मेसेजवर घेऊन ठेवा.

सोसायटीचं म्हणाल, तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना प्रत्येकाने वाचाव्यात अशा आहेत. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू नका असंही सांगता येत नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलंय. मात्र कुत्रं सार्वजनिक जागी मोकळं न सोडणं आणि त्याची घाण उचलणं आपल्याकडे येतं. नियम माहीत असावेत, पण सुरुवात नियमाने करू नये असं माझं मत. आमच्या मजल्यावरच्या आजींना कुत्र्याची भीती वाटते. भुरी यायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. सकाळी साडेसहा, दुपारी एक आणि रात्री दहाला आम्ही जिन्यात असू, असं सांगितलं. त्या त्या वेळी दार लावून बसायच्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी दारातूनच विचारलं, “आज दिसली नाही गं ती?”

संस्थेशी बोलून घ्यायच्या गोष्टी

कुत्र्यांना रेस्क्यू करणारी, म्हणजे रस्त्यावरून उचलून वाचवणारी संस्था असो की एकटी व्यक्ती, हे बोलणं कुत्रं घरी यायच्या आत व्हायला हवं. उपचारांचा खर्च कोण करणार? खाण्याचा कोण? डॉक्टर कोणते, आणि रात्री दोन वाजता उलट्या सुरू झाल्या तर फोन कुणाला करायचा? कोणत्या लशी झाल्यात, त्याचं कार्ड आहे का? नसबंदी झाली आहे का? (कानाच्या टोकाला कापल्याची खूण असेल तर बहुधा झालेली असते, तरी विचारा.) घर कोण निवडणार, आणि त्यात तुमचं मत धरलं जाणार का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्ही आजारी पडलात तर कुत्रं कुठे जाणार? उत्तरं मेसेजवर लेखी मागा. चांगलं काम करणारी माणसं या प्रश्नांनी नाराज होत नाहीत, उलट निर्धास्त होतात.

घराची तयारी

ही फार मोठी नसते. गॅलरीच्या ग्रीलमधून डोकं जातंय का ते पाहा, जात असेल तर जाळी बांधा. उंदराचं औषध, झुरळांचं जेल, फिनेल, घरातल्या गोळ्या वर ठेवा. चपलांचा स्टँड आत घ्या. गुळगुळीत लादीवर रस्त्यावरच्या कुत्र्याचे पाय फाकतात आणि ते एका जागी थिजून उभं राहतं. म्हणून दारापासून त्याच्या कोपऱ्यापर्यंत पायपुसणी किंवा जुन्या सतरंज्या अंथरा. दोन जड वाडगे, नीट बसणारं हार्नेस (छाती-पाठीला बांधायचा पट्टा), गळ्याचा पट्टा, दोन दोऱ्या, भरपूर रद्दी आणि जुन्या साड्यांची गोधडी. बाकी बाजारातल्या वस्तू नंतर बघू.

तुमचं स्वतःचं कुत्रं किंवा मांजर असेल तर त्यांच्या लशी पूर्ण हव्यात, आणि नवीन पाहुण्याला १४ दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचं. वाडगे वेगळे, गोधडी वेगळी, एकाला हात लावून दुसऱ्याकडे जाताना साबणाने हात धुवायचे. हे जमणार नसेल तर लस न झालेलं पिल्लू घेऊ नका. पार्व्हो, म्हणजे पिल्लांचा जीव घेणारा विषाणूचा आजार, घरात शिरला की पस्तावा होतो.

पहिला दिवस

आणताना निघण्याआधी दोन-तीन तास खायला देऊ नका, म्हणजे गाडीत उलटी होणार नाही. रिक्षाने येणार असाल तर रिक्षावाल्याला आधी विचारा, खाली प्लास्टिक टाका आणि कुत्र्याला पायाशी दोघांच्या मध्ये बसवा.

एक गोष्ट मी कळकळीने सांगते: पहिल्या दिवसापासून दोन दोऱ्या लावा, एक हार्नेसला आणि एक पट्ट्याला. घाबरलेलं कुत्रं उलटं चालत चालत पट्ट्यातून मान काढून घेतं, आणि नवीन भागात सुटलं की त्याला परतीची वाट माहीत नसते. कुत्री हरवतात ती बहुतेक याच दिवसांत. घराचं दार उघडण्याआधीही हातात दोरी हवी. पार्सलवाला, दूधवाला, कचरा न्यायला येणारी बाई, कुणाहीसाठी दार सताड उघडायचं नाही.

घरी आल्यावर लगेच वर नेऊ नका. इमारतीभोवती एक-दोन सावकाश फेऱ्या मारा, हुंगू द्या, शू होऊ द्या. जिना चढणं कित्येकांना येत नाही. भुरीने पहिल्या पायरीवर एक पाय ठेवला, दुसरा हवेतच धरला आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं. उचलून घेणं सोपं होतं. मी शेजारच्या पायरीवर बसले. दहा-बारा मिनिटांनी तिने तो पाय ठेवला. दुसऱ्या मजल्यावर पोहोचायला आम्हाला पाऊण तास लागला. उतरताना मात्र ती माझ्या पुढे होती.

घरात आल्यावर अंघोळ नको, पाहुणे नकोत, फोटो काढायला गर्दी नको. कोपरा दाखवा, पाणी ठेवा आणि आपापल्या कामाला लागा. कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका, वरून वाकून डोक्यावर हात ठेवू नका. त्याच्याकडे थोडी पाठ करून जमिनीवर बसायचं. भाजी निवडा, पेपर वाचा. ते आपण होऊन येऊन हुंगेल तेव्हा छातीवर किंवा हनुवटीखाली दोन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. परत पुढे आलं तर त्याला हवंय. मान वळवली, ओठ चाटले, जांभई दिली तर आज पुरे.

पहिल्या तीन रात्री

या रात्री अवघड असतात. पिल्लू रडतं, मोठं कुत्रं जागं राहतं, येरझाऱ्या घालतं. त्याला एकटं कोंडू नका. मी हॉलमध्ये सतरंजी टाकून झोपते. हात पोहोचेल एवढ्या अंतरावर त्याची गोधडी, आणि झिरोचा दिवा चालू. पिल्लू असेल तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा, त्याला भावंडांची ऊब वाटते.

भुरी पहिल्या रात्री बसल्या बसल्या डुलक्या घेत होती. मान खाली गेली की दचकून उठायची. रस्त्यावर गाढ झोपणं कुत्र्याला परवडत नाही. दुसऱ्या रात्री पाय पोटाशी घेऊन, वेटोळं करून झोपली, पण कान उभे. तिसऱ्या रात्री तीनच्या सुमारास मला धप्प असा आवाज आला. पाहते तर ती कुशीवर आडवी पडलेली, पाय सरळ ताणलेले, आणि झोपेत पंजे हलत होते. स्वप्नात कुठेतरी पळत होती. मी उठून बसले आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. हे सारं मी का करते असं कुणी विचारलं तर मी हीच रात्र सांगते.

रेस्क्यू करणारे लोक तीन-तीन-तीनचा हिशेब सांगतात: बावरलेपण उतरायला तीन दिवस, घराची शिस्त कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. हा ढोबळ अंदाज आहे, कुणाला कमी लागतात, कुणाला जास्त. तिसऱ्या दिवशी कुत्रं जेवलं नाही तर डॉक्टरांना सांगा. नुसतं कोपऱ्यात बसून असेल, पण खात-पीत असेल, तर त्याला बसू द्या.

जेवण

पहिले काही दिवस ते जे खात होतं तेच द्या. बदल करायचा तर सात दिवस घ्या: आधी पाव हिस्सा नवीन, मग अर्धा, मग पाऊण. एकदम बदललं की जुलाब होतात आणि आजार आहे की खाणं बदललं म्हणून झालंय, हे कळेनासं होतं. उपाशी राहिलेल्या कुत्र्याला पोटभर वाढायचा मोह होतो, तो आवरा. थोडं थोडं चार वेळा द्या. घरचं देणार असाल तर मऊ भात, बिनमिठा-मसाल्याचं उकडलेलं चिकन, थोडा लाल भोपळा. शाकाहारी घर असेल तर अंडं चालेल का ते घरात आधीच ठरवा, नाहीतर डॉक्टरांच्या सल्ल्याने तयार खाणं आणा.

कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले बिनसाखरेचे पदार्थ अजिबात नकोत. म्हणजे आपली आमटी-भाजीही नको, तिच्यात कांदा-लसूण असतोच. शिजवलेली हाडंही नकोत, ती टोकदार तुटतात आणि आतड्याला लागतात. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, त्यापेक्षा थोडं ताजं दही बरं.

शी-शू

रागावून उपयोग नाही. उठल्यावर, जेवल्यावर, खेळून झाल्यावर बाहेर न्या आणि बाहेर झालं की तिथल्या तिथे खाऊ द्या. पिल्लू जितक्या महिन्यांचं, साधारण तितके तास ते शू धरू शकतं. दोन महिन्यांच्या पिल्लाकडून रात्रभराची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. लशी पूर्ण न झालेल्या पिल्लाला खाली सोडायचं नाही, त्याच्यासाठी गॅलरीत रद्दी. नुकसानीचं म्हणाल तर मला दोन चपला आणि एका चार्जरवर पाणी सोडावं लागलं, तेवढं धरून चाला.

तब्येत

पहिल्या दोन-तीन दिवसांत डॉक्टरांकडे एकदा दाखवून आणा. पिल्लांना पहिली लस ६ ते ८ आठवड्यांना, मग दर ३-४ आठवड्यांनी १६ आठवड्यांपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर. जंतांचं औषध वजनावर ठरतं, ते मनाने देऊ नका. तापावर आपली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी कधीही देऊ नका, ती जीव घेऊ शकते.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे हाताला ते गरमच लागतं. हिरड्या गुलाबी असाव्यात. बोटाने दाबून सोडलं की पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत परत गुलाबी झाली पाहिजे. रोज संध्याकाळी मांडीवर घेऊन कानांच्या आत, काखेत आणि पंजांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. गोचीडताप आपल्याकडे भरपूर आहे. खाणं सोडलं, हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी रक्ततपासणी करून घ्या. पिल्लाने खाणं टाकलं, उलट्या आणि घाण वासाची, रक्ताची शी सुरू झाली तर सकाळची वाट पाहू नका. पार्व्होत तासांनी फरक पडतो. तो विषाणू लादीवर, अंगणात कित्येक महिने टिकतो आणि फिनेलवर भरवसा ठेवता येत नाही. एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी असं करून, दहा मिनिटं ओलं ठेवून पुसा.

आपलंही सांभाळा. नियमित फोस्टर करणार असाल तर डॉक्टरांना विचारून रेबीजची आगाऊ लस घ्या. दात किंवा नख लागून रक्त आलं किंवा नुसता ओरखडा उठला तरी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं आणि लगेच दवाखान्यात जायचं. छोट्या पिल्लाचा दात लागला तरी हेच करायचं.

पाऊस आणि सण

ठाण्यात जून ते सप्टेंबर कुत्रं कोरडं ठेवणं हेच एक काम होऊन बसतं. फिरून आल्यावर बोटांच्या बेचक्या पुसा, नाहीतर तिथे बुरशी धरते. साचलेल्या पाण्यातून नेऊ नका, पिऊ तर देऊच नका. उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो कुत्र्यांना होतो आणि माणसांनाही. त्याची लस असते, विचारून घ्या. एप्रिल-मेमध्ये बाहेर नेण्याआधी तळहाताची उलटी बाजू रस्त्यावर पाच सेकंद टेकवून पाहा. आपल्याला चटका बसतो तिथे पंजेही भाजतात. उपवन तलावाकडची सकाळची फेरी साडेसातच्या आत आटपलेली बरी.

गणपतीचे ढोल-ताशे आणि दिवाळीचे फटाके यासाठी आठ-पंधरा दिवस आधी डॉक्टरांशी बोला, गरज वाटल्यास ते भीतीवर औषध देतात. अंधार पडायच्या आत फिरवून आणा, खिडक्या लावा, टीव्ही किंवा रेडिओ चालू ठेवा. कुत्रं पलंगाखाली गेलं तर ओढून बाहेर काढू नका, तिथेच त्याची गोधडी सरकवा. घाबरलेल्याला जवळ घेतलं तर लाडावतं ही समजूत चुकीची आहे. त्याला तुमच्याजवळ यायचं असेल तर घ्या.

वही आणि फोटो

मी रोज रात्री दोन-तीन ओळी लिहिते. ‘कुकरची शिट्टी, मोरीत पळाली, तीन मिनिटांनी आली.’ ‘खालच्या मुलाने बॉल टाकला, शेपूट हलली, पण जवळ गेली नाही.’ ‘झाडूला घाबरते, पोछ्याला नाही.’ यातूनच तिची जाहिरात लिहिली गेली. ‘गोड, प्रेमळ, खेळकर’ हे शब्द प्रत्येक कुत्र्याखाली असतात, त्यामुळे कुणी थांबून वाचत नाही. आम्ही लिहिलं, ‘भुरी सकाळी आपला पंजा तुमच्या पावलावर ठेवून चहा संपेपर्यंत उभी राहते.’ तीन दिवसांत चार फोन आले. पाय मोडला होता, धावल्यावर किंचित लंगडते, झाडूला घाबरते, हेही लिहिलं होतं. खोड लपवून दिलेलं कुत्रं महिन्याभरात परत येतं.

फोटो खिडकीजवळच्या सकाळच्या उजेडात, जमिनीवर बसून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा. काळ्या कुत्र्यामागे फिकट भिंत हवी, नाहीतर चेहराच दिसत नाही. माणसाशेजारी उभं राहिलेला एक फोटो घ्या, म्हणजे आकार कळतो, आणि दोरीवर चालताना वीस सेकंदांचा एक व्हिडिओ.

घर निवडताना

शक्य असेल तर संस्थेबरोबर तुम्हीही त्यांचं घर पाहायला जा. विचारायचं ते असं: घरातल्या सगळ्यांना कुत्रं हवंय का? दिवसाचे किती तास एकटं राहील? गावी जाताना कुठे ठेवाल? बाळ झालं, बदली झाली तर? ग्रील आणि गॅलरी बघा. लहान मुलांचा हट्ट म्हणून घेत असतील तर जबाबदारी कोणत्या मोठ्या माणसाची ते विचारा. पिल्लू असेल तर आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका, आणि नसबंदीचं लेखी कबूल करून घ्या. महापालिकेकडे कुत्र्याची नोंदणी करायची आठवणही द्या. नेरुळचं जोडपं भुरीला भेटायला दोनदा आलं. दुसऱ्या भेटीत त्यातली बाई काही न बोलता जमिनीवर बसून राहिली. भुरीने तिच्या पावलावर पंजा ठेवला. मी आत जाऊन चहा टाकला.

ठेवून घ्यावंसं वाटेल, प्रत्येक वेळी वाटेल. ठेवून घेतलं तरी चुकीचं काही नाही. मात्र दोन खोल्यांच्या घरात एक कायमचं कुत्रं आलं की पुढच्याला जागा उरते का, हे शांतपणे ठरवा. आमच्याकडे उरत नाही, म्हणून आम्ही पाठवणी करतो.

पाठवणी

सकाळी पाठवा, म्हणजे नव्या घरात अंधार पडायच्या आत दिवस मिळतो. बरोबर लशींचं कार्ड, आठवडाभर पुरेल एवढं तेच खाणं, हार्नेस, दोन दोऱ्या, वही, आणि न धुतलेली गोधडी. गोधडी धुवायची नाही, तिला घराचा वास असतो. आईने भुरीची गोधडी मधोमध कापून अर्धी दिली. नव्या घरी पहिले दोन-तीन आठवडे भेटायला जाऊ नका, पण फोन उचला, अगदी रात्री अकरालाही. मला त्याच रात्री आला: “ताई, ती मोरीत जाऊन बसलीय.” मी विचारलं, पंखा केवढ्यावर आहे? पाचवर होता. चौथ्या पानावर लिहिलंय, म्हटलं, दोनवर करा आणि खाली बसा.

रडू येतं. येऊ द्यावं. घर धुऊन काढा, वाडगे उन्हात टाका, निदान एक आठवडा मोकळा ठेवा. पार्व्होचं पिल्लू होऊन गेलं असेल तर पुढे कित्येक महिने लस पूर्ण झालेलं मोठं कुत्रंच घ्या. उरलेली अर्धी गोधडी आम्ही धुऊन, कडा शिवून ठेवली होती. गेल्या रविवारपासून ती परत हॉलच्या कोपऱ्यात आहे. नव्या वहीच्या पहिल्या पानावर अजून एवढंच आहे: काळा, नर, अंदाजे सात महिने, पंख्याला घाबरत नाही, लिफ्टला घाबरतो.